फुलाबाई काय म्हणाली

सुदुंबरे,
बुधवार

प्रिय नंदावहिनी,

ढोलकी माझ्याकडं धाडलीस, आन वर रिकामी पाठवलीस, ते मला लय लागलं. ढोलकी तुझी, ठेव न्हाईतर चुलीत घाल, मी इचारणारी कोण. पर शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत न्हाई, चिमूटभर साखर तरी टाकतो. तू ढोलकी पोत्यात कोंबून पप्पूच्या टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर टाकून दिलीस. मी त्याला इचारलं, तुझ्या आईनं निरोप काय दिलाय. तो खाली बघत म्हणला, आत्या, निरोप काय न्हाई. तुझं पोरगं माझ्याकडं मान वर करून बघत न्हवतं. सोमाटण्याच्या फाट्यावर त्या दिवशी मी रिक्षातनं उतरले, तर तू पदर पुढं ओढून दुसरीकडं वळलीस. फोन लावला की वाजून वाजून बंद. एवढी वर्सं वन्सं वन्सं करत एका ताटात जेवलीस, आन आता मी रस्त्यावरची झाले का?

माझी सून कोमल म्हणते, आत्या, मोबाईलवर बोला, तो आपलाआप लिहून पाठवतो. मी म्हणलं नको. तुझा मोबाईल आधी नातवंडं बघतात, मग तू. कागद घेतला. मी दुसरीतनं उठलेली, तुला ठाव हाय. अक्षराला हसू आलं तर हस. हसलीस तर बरंच हाय.

टीव्हीचं काय चाललंय ते कानावर आलं असंल, पर अर्धंच आलं असंल. टीव्हीवाल्या ऋचाम्याडमनी लहानपणी आजोळी, तळेगावात, आपला बाहुल्यांचा खेळ बघितला हुता. तवापासून त्यांच्या डोक्यात की फुलाबाईचा संसार आता घरोघर टीव्हीवर लागला पायजे, सगळ्या घरानं एकत्र बसून हसलं पायजे. पर आत काय चालतं ते त्यांना मुळापासनं सांगावं लागलं. पडद्याच्या आत मी. एका हातावर फुलाबाई, दुसऱ्या हातावर तिचा नवरा गुलाबराव, टाळूला पिपाणी चिकटवलेली. पिपाणीतनं निस्ती चीं चीं येते, ऐकणाऱ्याला अक्षर कळत न्हाई. बाहेर लोकांपुढं ढोलकी घेऊन तू. फुलाबाई चिवचिवली की तू इचारणार, काय म्हणतेस बया? आन मग ती काय म्हणली ते तू लोकांना सांगणार. म्याडम म्हणल्या, म्हणजे विनोद बाहेरची बाई करते? मी तवा पाणी प्यायला उठले.

आता फुलाबाईचा तो संसार बघशील तर वळखायची न्हाईस. ती फ्लॅटात ऱ्हाते. तुझ्या हिरव्या लुगड्याच्या पदरातनं आबांनी तिला शिवलेलं लुगडं काढून ठेवलं, आता गाऊन हाय आन डोळ्याला चष्मा. सासू योगा करते. नवरा घरीच बसून कम्प्युटरवर कंपनीचं काम करतो, वर कोट, खाली चड्डी. ते मातर मला आवडलं, खरं सांगते. आपला गुलाबराव बी अर्धाच हुता की, कमरेखाली त्याला माझ्या मनगटाशिवाय काय न्हवतं.

तुझ्या जागेवर श्रीयश म्हणून एक पोरगा हाय, नाटकात काम करणारा. गुणी हाय. रोज पाया पडतो, गरम पाणी आणून देतो. पर त्याला सगळं आधी कागदावर लिहून देतात. मी आत काय बी चिवचिवले तरी त्याचं वाक्य ठरलेलं. एकदा मी मुद्दाम आतनं त्याच्या मिशीला चार शिव्या हासडल्या. तो हसत म्हणला, काय म्हणतेस बया, चहा गार झाला? सगळी म्हणली, वा, छान. मला आंदर मावळातली ती जत्रा आठवली. माझी पिपाणी घसरून घशात गेली हुती, मी आत डोळे पांढरे करत हुते, आन फुलाबाई निस्तीच थरथरत हुती. तू बाहेरनं काय केलंस? म्हणलीस, काय झालं बया, उचकी लागली? कुणी गं आठवण काढली, माहेरच्यानं का त्या बाजारातल्या बांगडीवाल्यानं? आन ढोलकी वाजवत मागं सरलीस, पडद्यातनं हात घातलास आन माझ्या पाठीत असे धपाटे घातलेस की पिपाणी बाहेर पडली. लोक हसून लोळत हुते. त्यांना वाटलं, ह्यो बी खेळच. श्रीयश असता तर मी मेले असते आन तो म्हणला असता, चहा गार झाला.

बरं, आता माझ्या मुलाखतीच्या त्या व्हिडिओचं. मी काय बोलले, तुला कुणी कसं सांगितलं, मला काय म्हाईत, असं लिहिणार हुते. खोडलं. मला म्हाईत हाय. आख्ख्या मावळात फिरला त्यो. त्या दिवशी मला नवं पातळ नेसवलं, तोंडाला पावडर लावली, दिव्याच्या उजेडात खुर्चीवर बसवलं. म्याडमनी इचारलं, मावशी, हा खेळ कुणाचा? मी म्हणलं, आमच्या वडलांचा, आबांचा, त्यांच्यामागं माझा. मग त्यांनी इचारलं, आणि बाहेर कोण उभं असायचं? तुझं नाव माझ्या जिभेवर हुतं. आन मी म्हणले, "ती काय, बाहेर कुणीबी उभं ऱ्हातं."

व्हय, म्हणले. तू ऐकलंस तसंच म्हणले. दम बी लागला न्हाई मला ते म्हणायला.

का म्हणले ते सांगते, पर त्यानं काय माझं तोंड धुतलं जात न्हाई. खेळ संपला की लोक तुझ्याभवती जमायचे. नारळ तुझ्या ओटीत. गावची पाटलीण तुला घरात न्यायची, चहा पाजायची. मी पडदा सोडून, बाहुल्या ट्रंकेत भरून, घामानं भिजलेली मागनं यायची, तर बाया इचारायच्या, ही कोण? आन तुझ्याबरोबरची पोरं सांगायची, ती आतली. जन्मभर मी आतली. आन पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तोंडावर दिवा धरला. मला वाटलं, आज निस्तं माझंच तोंड दिसू दे. तेवढ्यासाठी तुला कुणीबी करून टाकलं.

तू ढोलकी पाठवलीस त्या दिवशी मी घरात म्हणले, मिजास बघा हिची. दुपारी पोतं सोडलं तर ढोलकीच्या दोरीला दादाच्या फेट्याची चिंधी तशीच बांधलेली. सीतारामदादा गेल्यावर ती तूच बांधली हुतीस. तू ती सोडून घेतली न्हाईस. एवढ्या रागात बी न्हाई. मी तितंच जमिनीवर बसले.

दादा गेल्यावरचा पहिला खेळ आठवतो का तुला? सुपारी आधीची घेतलेली, शाळेची पोरं रांगेनं बसलेली, मोडता येईना. मला आत रडू फुटलं. पिपाणीतनं रडं बी चीं चींच येतं. मी फुलाबाईच्या तोंडनं म्हणत हुते, दादा, दादा. तुला कळलं. तुझाच नवरा गेलेला, आन तू त्या पोरांपुढं म्हणलीस, काय म्हणतेस बया, दूध उतू गेलं? मग रडतीस कशाला, मांजर बोलव. पोरं खिदळली. मी पडद्याच्या भोकातनं बघितलं, तुझ्या गालावरनं पाणी वाहत हुतं, तोंड हसरं हुतं, आन हात ताल सोडत न्हवता. मला रडायला पडदा हुता, वहिनी. तुला तोंड लपवायला जागाच न्हवती. आन मी त्याच तोंडाचा हेवा केला.

आता हे कशापायी लिहिलं ते सांगते, म्हंजे तू म्हणायची न्हाईस की वन्सं अजून मुद्द्यावर येईना. मागच्या आठवड्यात तुंगार्लीला, तळ्याजवळच्या एका बंगल्यात, पहिल्या भागाचं शूटिंग झालं. खुर्च्यांवर लोणावळ्याची माणसं आणून बसवलेली, पोराबाळांसकट. फुलाबाई नवऱ्यावर रुसते, असा भाग हुता. मी हात वर धरलेले. श्रीयशनं इचारलं, काय म्हणतेस बया? तुझे शब्द, तुझ्याच चालीवर, त्याच्या तोंडनं. माझ्या तोंडातनं लिहिलेलं आलंच न्हाई. पिपाणीतनं मी म्हणले, "वहिनी, मी खोटं बोलले. बाहेर कुणीबी उभं ऱ्हात न्हाई. तू हुतीस म्हणून फुलाबाई बोलत हुती." श्रीयश डोळे मोठे करून म्हणला, "काय म्हणतेस, परत सेल लागला?" दिवसभरात एवढं हसू कशालाच आलं न्हाई. माणसं खुर्च्या बडवत हुती. म्याडमनी आतपर्यंत येऊन माझी पाठ थोपटली. मी हात वर धरून तशीच उभी. लाजेनं मला हात खाली घेता येईनात.

ते रविवारी रात्री आठला लागणार हाय. मी म्याडमना म्हणलं, तेवढं काढा. त्या म्हणल्या, तोच तर जीव आहे भागाचा. मग मी त्यांना सगळं सांगितलं, तुझं नाव सांगितलं, कॅमेऱ्यापुढं परत सांगते म्हणलं. त्या म्हणल्या, पहिला भाग गेला हातातून, दुसऱ्यात सांगा, आणि त्या येत असतील तर जागा त्यांचीच. श्रीयशनंच आधी व्हय म्हणून मान हलवली. तू म्हणशील, अडलं म्हणून वहिनी आठवली. व्हय, अडलंय. तुझ्याशिवाय त्यो खेळ मेलेला हाय, कितीबी चष्मे घाला. पर तू आली न्हाईस तरी मी सोमवारी दुसऱ्या भागाच्या शूटिंगला सांगणार हाय.

रविवारी आख्खा मुलूख हसंल. फुलाबाई काय म्हणली ते एकट्या तुला कळंल. आन बाहुलीच्या तोंडनं, पडद्याआडनं, लोक हसत असताना तुला ते कळावं, हे मला सहन व्हईना. म्हणून आधी हितं लिहिते, पिपाणी न लावता: मी चुकले, नंदावहिनी. ढोलकी पप्पूबरोबरच पाठवतेय, पोत्यात न्हाई, फुलाबाईचं हिरवं लुगडं वर बांधून. दोरीला साखरेची पुडी बांधलीय. शनिवारी दिवस मावळायच्या आत मला उत्तर पायजे. शिव्या घाल, न्हाईतर स्वतः येऊन पाठीत धपाटे घाल, पर पप्पूला परत रिकामा धाडू नको.

तुझीच, आतली,
शालू