फायद्याशिवाय काडी ओढायची नाही

३ फेब्रुवारी
सूनबाईने, म्हणजे रश्मीने, मला पायरोमॅनियाक म्हटलं. फोनवर, तिच्या आईला. का, तर मी पालापाचोळा पेटवला आणि तिची वाळत घातलेली ओढणी गेली. ओढणी तिथे का होती, हे कोणी विचारत नाही.

४ फेब्रुवारी
शब्द मोबाईलवर पाहिला. काही फायदा नसताना, राहवत नाही म्हणून आगी लावणारा माणूस. हुश्श, सुटलो. माझ्या प्रत्येक आगीला कारण असतं. पालापाचोळा: डास. बांधावरचं गवत: साप. कडब्याची गंज: तो अपघात होता. शिवाय हा परदेशी आजार. देवळाली प्रवरात कशाला येईल?
संकल्प: फायदा असल्याशिवाय काडी ओढायची नाही.

६ फेब्रुवारी
पोराने, चेतनने, काडीपेट्या कुलपात घातल्या. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, आता देवापुढचा दिवासुद्धा बायको, पुष्पावती, लावते आणि मी लांबून हात जोडतो. वर चेतन म्हणतो, आणखी एक आग लागली तर मळ्यात पाऊल टाकायचं नाही. मळ्याशिवाय मी दिवसभर करू काय? जीव गुदमरतो घरात. 'बरं' म्हणालो. मोठेपणा.

९ फेब्रुवारी
तीन दिवस एक ठिणगी नाही. हा काय आजारी माणूस? शेजारच्या पुंजारामकडून काडीपेटी मागून घेतली. विडीसाठी, म्हणालो. मी विडी ओढत नाही.

११ फेब्रुवारी
ऊस तुटला. रानभर पाचट, खडखडीत वाळलेलं. चेतन म्हणतो जाळायचं नाही, कुजवून खत करायचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलाय ना. पण वडील दरवर्षी जाळायचे. कीड मरते, उंदीर पळतात, तोडलेल्या बुडख्यातून खोडवा जोमात फुटतो. तीन फायदे झाले. व्याख्येत बसत नाही.

१२ फेब्रुवारी, दुपारी ३
फक्त एक कोपरा.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
पाचटाखाली ठिबकच्या नळ्या होत्या. सगळ्या वितळल्या. चेतन बांधावर बसला आणि त्याने विचारलं, "आण्णा, काय मिळालं तुम्हाला?"
तिन्ही फायदे तोंडपाठ होते. एकही आठवेना.
घरी आल्यावर पुष्पावती म्हणाली, "समदे पानी मारीत हुते, अन् तुमी हसत हुता."

१३ फेब्रुवारी
मळा बंद. फार लाज वाटते. उद्या नगरला डॉक्टर. सूनबाईला म्हणालो, तो शब्द तूच सांग, माझ्या तोंडून निघायचा नाही. काडीपेटी चेतनच्या हातात दिली.
एक काडी तेवढी ठेवून घेतली. कान कोरायला.