तिसरा मोहोर

वडनेर, १४ जानेवारी २०२५

ती. मंजुषाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायले बसली की बाबा बाजूलेच असतात, म्हणून हे पत्र. शेजारचा किशोरदादा सेवाग्रामले येऊन राह्यला, त्याच्याजवळ देते.

नागपूरच्या लॅबमध्ये मले एक तारखेले रुजू व्हायचं आहे. बाबा म्हणतात, आंबा धरला की जाजो. पण चार दिवसांपासून आभाळ हटत नाई. मोहोराले हात लावला की तुडतुडे तोंडावर उडतात. रस पिऊन चिकटा सोडतात, त्यानं पानं काळी पडून राह्यली. बाबांच्या डोळ्याले आता ते किडे दिसत नाईत, म्हणून रोज झाडं पाहायचं काम माझ्याकडे.

आईचे गुडघे बरे आहेत. तुह्या हातच्या भाकरीची अजून नक्कल करते!

तुही माया आहे तशीच राहो.
रोशनी

सेवाग्राम, २७ जानेवारी

चि. रोशनी,
अ. उ. आ.

फूल उमलल्यावर बाबांना फवारू देऊ नकोस. माश्या मेल्या तर आंबा कसा धरेल? लॅबवाल्यांशी मी बोलले. वीस फेब्रुवारीपर्यंत थांबतो म्हणाले, पुढे नाही. पहिला मोहोर गळला तर गळू दे. तुडतुड्यांची सासू होऊन बसलीस की काय तिथं?

दोन ओळी का होईना, कळवत जा.
तुझी ताई

वडनेर, १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिला गळला. दुसरा उमलायच्या आधी फवारला, ऊन पडलं, थोडी कैरी धरली. मले वाटलं, सुटली. तर थंडी परत आली अन् झाडं तिसऱ्यांदा फुटली! कोवळ्या तुऱ्यांवर पुन्हा तेच किडे. बाबा खूश, म्हणाले, झाडालेही तुले सोडवत नाई. सगळे हसले, मीही हसली. मग विहिरीमागं जाऊन रडली.

ताई, राग मानू नको. तू गेली तेव्हा कोणीतरी घरी राहायचं होतं. ती मी राह्यली. मी गेली तर कोण राहीन?

लहान बहिणीवर लोभ असू दे.
रोशनी

नागपूर, २० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

न विचारता आली, माफ करा. आज कामावर रुजू झाली. खोलीत दोघी आहोत, जेवण ठीक आहे. रविवारी ताई येईन, तुमचे डोळे दाखवायले तुम्हाले सेवाग्रामले नेईन. नाई म्हणू नका. आईले सांगा, रोज फोन करीन.

काल सकाळी बॅग घेऊन बांधावरून निघाली तेव्हा तुम्ही झाडाखाली उभे होते. तुमची मान माझ्याकडे वळली, मग तुम्ही फांदी खाली ओढून पाहत राह्यले. हाक मारली असती तर मी तिथूनच परत फिरली असती. तुम्हाले ते माहीत होतं ना, बाबा?

एसटी सुटेपर्यंत मी दारातच उभी होती.

आशीर्वाद असू द्या.
तुमची रोशनी