हळदीकुंकवाला गेलेलं इंजिन

नोएडा,
१७ जानेवारी १९९९

ती. विजयावन्सं,

तर दूध वर यायला लागलं होतं, कढईत तीळ तडतडत होते, माझ्या एका हाताला रॉकेल लागलेलं आणि बाहेर अलका बेल वाजवत होती. गेल्या वर्षीच्या संक्रांतीची सकाळ म्हणते मी. (नमस्कार राहिला. वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मिरजेत इथल्यासारखी थंडी नाही, तरी रात्री तेल चोळत जा. इथे धुकं असं पडलंय की दूधवाला सायकलच्या आवाजावरून ओळखावा लागतो. मी बरी आहे. झालं, आता पुढे.) अलका म्हणजे आमच्या समोरची, श्रीरंगरावांची बायको. आर. के. पुरमच्या क्वार्टरपासूनचा शेजार, इकडे प्लॉटसुद्धा दोघांनी एकाच गल्लीत घेतले. त्यांच्या घराला रंग चालला होता म्हणून तिचं वाणाचं खोकं माझ्या कोठीत ठेवलेलं, ते न्यायला ती आली होती. संध्याकाळी तिच्याकडे हळदीकुंकू. मी गॅस बारीक करता करता ओरडून सांगितलं, खालच्या फळीवर आहे बघ, मिठाईचं खोकं. तिनं उचललं. दारात जरा थबकली आणि म्हणाली, "तू पण ये गं. म्हणजे जरा नंतर ये. सगळ्या गेल्या की निवांत बसू." मी बरं म्हटलं. हे दिवाळीत गेले, त्यानंतरचा तो पहिला सण. माझे तीळ त्या दिवशी करपले, एवढंच.

खालच्या फळीवर मिठाईची खोकी दोन होती, आणि यात चूक असलीच तर तुमच्या भावाची आहे. गाडी तुम्हाला आठवत असेल, आमची जुनी डिझेल अँबॅसिडर, जिच्यात बसून तुम्ही कुतुबमिनार पाहायला गेलात आणि उतरल्यावर कुतुबमिनारपेक्षा गाडीच जास्त हलते म्हणालात. निवृत्त झाल्यावर ह्यांनी घरीच तिचं इंजिन उतरवलं. नुसतं दुरुस्त करायचं नव्हतं, त्याला टर्बो बसवायचा होता. मायापुरीच्या भंगार बाजारातून कुठल्याशा अपघातात सापडलेल्या परदेशी गाडीचा टर्बो हे पोटाशी धरून बसमधून घेऊन आले. (कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं म्हणे.) टर्बो म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगते, कारण मला कुणी सांगितलं नाही, मला ते शब्दकोश मांडीवर घेऊन पुस्तकात वाचावं लागलं. इंजिनातून जो धूर बाहेर जातो त्याच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. म्हणजे फुंकणीच. फक्त चूल स्वतःच्याच धुरानं स्वतःला फुंकर घालते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटीच हसले, आणि ऐकायला कुणी नाही म्हणून पुस्तक मिटून कपडे धुवायला गेले.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पाणिपतसाठी. दर चौदा जानेवारीला हे मराठी मंडळाच्या लोकांबरोबर काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी, जायचे. मी एकदाही गेले नाही. संक्रांतीला घरी सवाष्णी येणार आणि मी काय लढाईवर जाऊ, असं म्हणायची. हे म्हणायचे, एक दिवस अशी गाडी करीन की सकाळी निघून, जी. टी. रोडवर हरयाणाच्या बसला मागे टाकून, डोकं टेकवून दुपारच्या आत परत. तू ये आणि मग वाट हवं तेवढं वाण. गाडी अर्धी झाली आणि दिवाळी आली.

तेव्हापासून इंजिनाचा ठोकळा दिवाणखान्यातल्या दिवाणावर, पिस्टन पिठाच्या डब्यांशेजारी, बारीकसारीक सामान मिठाईच्या खोक्यांत. अनिश गुडगावच्या ऑफिसातून दर रविवारी येऊन हेच म्हणायचा, "आई, स्क्रॅपमध्ये दे ना यार. छोटी पेट्रोल गाडी घेऊ, बिल्कुल टेन्शन नाही." (तुमच्या भाच्याला 'भंगार' हा शब्द येत नाही, 'अडगळ' तर नाहीच. मला मात्र त्याच्या डोळ्यांत दोन्ही दिसतात.) शेवटी मीच बोलून बसले, की येत्या संक्रांतीपर्यंत ही गाडी स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर गेली नाही तर तुझ्या भंगारवाल्याला मी स्वतः चहा देईन. अनिशनं लगेच मायापुरीच्या माणसाला पंधरा जानेवारी सांगून टाकली. पोरगं आईच्या शब्दावर इतका विश्वास ठेवतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी लागले. मला स्वस्थ बसवतच नव्हतं, खरं सांगते. पुस्तक घेऊन बसलं की पाय हलायचे, स्वयंपाक एकटीचा, तो केव्हाच व्हायचा. तुम्ही पत्रात नामस्मरण सुचवलं होतंत. मी करून पाहिलं, पण माळ फिरवताना मन कोठीत. त्यापेक्षा व्हॉल्व्ह घासायला बसलं की बरं वाटायचं. काडीच्या टोकाला व्हॉल्व्ह चिकटवायचा, खाली दाणेदार लेप लावायचा आणि ताक घुसळतो तशी काडी दोन्ही तळव्यांत फिरवायची. लोणी येत नाही, पण करडी, गुळगुळीत कड येते. ठोकळा तेवढा गाझियाबादला लेथवर नेऊन घासून आणला, कारण ते घरी होत नाही. (श्रीरंगराव म्हणाले होते होतं. ते अख्खी नोकरी मंत्रालयात होते, त्यांच्या मते सगळं होतं, वेळ लागतो.)

पावसाळा सरताना ठोकळा जोडायला घेतला आणि तेव्हा कळलं की वाट्या नाहीत. ठोकळ्याच्या बाजूला गोल भोकं असतात, आत पाणी खेळतं, आणि त्या भोकांवर वाटीसारखी टोपणं ठोकून बसवतात. पत्र्याची गंजतात म्हणून ह्यांनी लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली होती. थोडक्यासाठी लेथ लावणार नाही म्हणाला, म्हणून गरजेपेक्षा कितीतरी जास्त. लखलखीत, हाताच्या तळव्यात बसतील अशी. ती मिठाईच्या खोक्यात होती. मी खोकं उघडलं तर आत गुलाबी प्लॅस्टिकच्या साबणदाण्या.

तुम्हाला उजेड पडला असेल. मला पडायला चहाचा पूर्ण कप लागला. अलकानं वाण स्वतः आणलंच नव्हतं, श्रीरंगरावांनी सदर बाजारातून घाऊक आणलं होतं. तिनं संध्याकाळी बायकांसमोर खोकं उघडलं, आत पितळेच्या वाट्या. तिला वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच ह्या माणसानं काही बरं आणलं. सगळ्यांनी कौतुक केलं. आणि श्रीरंगराव, ज्यांनी साबणदाण्या स्वतः मोजून घेतल्या होत्या, ते साबणदाण्यांचं नावही न काढता म्हणाले, "पितळेला पर्याय नाही." वर्षभर तो माणूस त्या वाट्यांवर मान मिळवत होता. म्हणजे ह्यांचं इंजिन हळदीकुंकवाला जाऊन आलं, वन्सं. मला बोलावणं नव्हतं, त्याला होतं.

दिलेलं वाण परत मागायचं कसं? असं आपल्यात कुणी कधी केलेलं नाही. पण इंजिनाला कोण समजावणार? मी पिशवी घेतली आणि बसनं दिल्ली पालथी घातली. सरोजिनी नगरच्या कल्पनानं वाटीचं निरांजन करून त्याला दांडा झाळून घेतला होता. मयूर विहारच्या एकीनं वाटीत कुंकू ठेवलं होतं. आर. के. पुरमला एका घरात ती मनीप्लँटखाली सापडली, दुसऱ्या घरात नातीच्या भातुकलीत. नात वाटी सोडीना, म्हणून मी तिला गुलाबी साबणदाणी दिली, तर ती खूश आणि तिची आजी माझ्याकडे बघत राहिलेली. प्रत्येक घरी गेले की आधी माणूस दचकायचं, मग आत घ्यायचं, मग चहा. मी 'हे इंजिनाचं आहे' असं सांगितलं की त्यांना वाटायचं दुःखानं हिचं डोकं फिरलं, मग आणखी एक चहा. चंद्रप्रभाकाकू तर डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, वाटीच कशाला, ताटही ने." मी वाटीच आणली. एखादीला भोक पाडलेलं, एखादीची कड वाकलेली, म्हणून पुढचं घर, आणि पुढचं.

इंजिन चढवलं, टर्बोला तेलाची नळी जोडली, वरचं झाकण पोळी लाटतो तसं मधून कडेकडेला आवळत गेले. भोगीच्या दिवशी, म्हणजे तेरा तारखेला, बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी करून नैवेद्य दाखवला, आणि किल्ली फिरवली. काही नाही. नुसतं खॉक. अनिश पायरीवर उभा राहून घड्याळ बघत होता. मला वाटलं, संपलं, परवा चहाच करायचा. मग पुस्तक आठवलं, की डिझेलच्या नळीत हवा अडकली तर ती आधी काढावी लागते. पंपाची बारकी दांडी हापशासारखी दाबत बसले, नळीतून बुडबुडे निघाले, मग नुसतं डिझेल निघालं, चोळीवर उडालं. पुन्हा किल्ली फिरवली. वन्सं, ते लागलं. आधी काळा धूर निघाला तो थेट समोर, अलकाच्या वाळत घातलेल्या चादरींवर. मग धूर पातळ झाला, आणि मी जरा पाय दाबला तशी आतून बारीक शीळ आली, लांबचा कुकर होतो तशी. ती फुंकणी. अनिश म्हणाला, "अच्छा?" आणि पायरीवर बसला.

श्रीरंगराव भिंतीवरून डोकावले. "वहिनी, हे नियमात बसतं का? रीतसर परवानगी..." मी म्हटलं, "श्रीरंगराव, तुमच्या उरलेल्या साबणदाण्या माझ्या कोठीत आहेत. अलकाला आणून देऊ का?" ते म्हणाले, गाडीचा आवाज छान आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणिपतला निघाले. (लायसन्स काढलंय. तुम्हाला कळवलं नव्हतं, तुम्ही काळजी केली असती.) सोनीपतच्या पुढे हरयाणाची एक बस मागे टाकली. ती उभी होती, पण टाकली.

टर्बोचा एक नियम आहे. गाडी थांबली की लगेच किल्ली बंद करायची नाही. आतलं चक्र फार तापलेलं असतं आणि फिरत असतं, तेल तोडलं तर जळून जातं. म्हणून पोहोचल्यावरही थोडा वेळ इंजिन तसंच चालू ठेवून बसायचं. मी काला अंबला पोहोचले तेव्हा भाषणं नुकतीच संपली होती आणि सगळे मौन पाळायला उभे राहिले होते. लढाईत गेलेल्यांसाठी शेकडो माणसं माना खाली घालून उभी, पानाचाही आवाज नाही, आणि मागे माझी अँबॅसिडर घरघरतेय. एका टोपीवाल्यांनी वळून हातानं खूण केली, बंद करा. मी हातानंच खूण केली, नाही करता येत. आणखी माना वळल्या. फार लाज वाटली, पण किल्लीला हात लावला नाही. ज्यांना उभं राहून गप्प व्हायचं होतं ते झाले. मी बसून होते, शेजारची सीट रिकामी. मग मौन संपलं आणि त्यानंतर कधीतरी मी किल्ली फिरवली. टोपीवाले तावातावानं आले, गाडी पाहिली आणि म्हणाले, "ही हणमंतरावांची ना?" मी हो म्हटलं. त्यांनी मला तिळगूळ दिला.

तब्येतीला जपा, आणि थंडी उतरेपर्यंत गार पाण्यानं आंघोळीचा हट्ट करू नका.

तुमची,
भावजय

ता. क. १ : चंद्रप्रभाकाकूंनी वाणात मिळालेल्या दोन वाट्यांपैकी एक मिरजेला आल्या तेव्हा तुम्हाला दिली, आणि तुम्ही तिच्यात भावाच्या फोटोपुढे रोज दिवा लावता असं लिहिलं होतंत. ती इंजिनाची आहे. परत पाठवू नका. ह्यांचीच आहे, ह्यांच्यापुढेच असू दे.

ता. क. २ : या पत्राचं खरं काम हे. गाडी चालली नसती तर भंगारात गेली असती. आता चालली, तर अनिश म्हणतो, "आई, चालू गाडीला गिऱ्हाईक मस्त मिळेल." तो माझं ऐकत नाही, आत्याचं ऐकतो. दोन ओळी लिहा त्याला. जरा रागावून लिहा.

ता. क. ३ : तुम्हाला म्हणून सांगते. पत्र्याची तसली टोपणं काश्मिरी गेटला ढिगानं मिळतात, आणि वाट्या शोधायला निघण्याआधीच मी ती आणून ठेवली होती. इंजिनात तीच बसवली आहेत. पण वर्षभरात मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि कुणाचं दार वाजवायला काहीतरी कारण लागतं. तुम्ही आमच्याकडे आलात की हळदीकुंकवाच्या संध्याकाळी आतल्या खोलीत दिवा न लावता बसायचात. ते मला त्या बसमधून हिंडताना दर स्टॉपला आठवत होतं.

ता. क. ४ : पाणिपतहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्याला ठरल्याप्रमाणे चहा दिला. संध्याकाळी अलकाकडे यंदाचं हळदीकुंकू होतं. मी ह्यांनी आणलेली हिरवी साडी नेसले, बायका जमलेल्या असताना गेले आणि दिवाणखान्यात बसले.