भिंतीपलीकडचं रडणं

प्रिय वहिनी,

आधी वाकून नमस्कार, मग चौकशी. गुडघा काय म्हणतो? दादा अजूनही आपण घोरतच नाही म्हणतो का? मी खुशाल आहे. (हे वाक्य पुढचा मजकूर वाचेपर्यंतच खरं धरा.)

तक्रार तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल आहे. आमच्या मानसोपचार केंद्रात मी पहिल्या खोलीत, ती दुसरीत. मधे प्लायवूडची भिंत. शिकताना आम्हाला बजावलं होतं, की देवाधर्माचा विषय चपलांसारखा बाहेर ठेवायचा. ही मात्र मेणबत्ती लावून पहिल्याच भेटीत विचारते, "फार कठीण झालं की कुणाला हाक मारता?" झालं! लोक माझ्या दारातून डोकावून विचारतात, त्या मॅडम कधी येतील? माझा शिंपीसुद्धा तिकडे गेला. बायको वारल्यापासून वर्षभर तो माझ्यासमोर बसून झोपेच्या तक्रारी सांगायचा, डोळ्यांत टिपूस नाही. परवा भिंतीपलीकडे ओक्साबोक्शी रडला. दुसऱ्याकडच्या रडण्याचा हेवा करणं बरं नव्हे, हे कळतं मला. पण वहिनी, माझा नुसता जळफळाट झाला.

मग मीही मेणबत्ती आणली (सुगंधी), आवाज खाली आणला आणि पुढच्या बाईंना विचारलं, "देवाशी तुमचं कसं काय?" त्या बँकेत अधिकारी, कट्टर नास्तिक, वर सुगंधाची ॲलर्जी. शिंकत शिंकत त्यांनी मला अख्खा तास समजावलं, की असुरक्षित वाटलं की माणूस आधार शोधतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जाताना पाठीवरून हात फिरवून गेल्या. (मला बरं वाटलं, हे बहिणीला सांगू नका.)

शेवटी शिंप्याला जिन्यात गाठलं. रडायचंच होतं तर माझ्याकडे काय कमी होतं? तो ओशाळला. "साहेब, मी प्रार्थनेला बसलो की बायको शेजारी येऊन बसते. बोलतो आम्ही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लिहून घेतलं असतं." (घेतलंच असतं.) "आणि मॅडमनी?" "त्यांनी विचारलं, काय म्हणते ती?"

तर बहिणीला चांगलं फैलावर घ्या, एवढंच मागणं.

तुमचा धुसफुसणारा दीर

ता. क. फैलावर घेऊ नका. मला तिची वेळ मिळवून द्या, बाहेर कुणी बसलेलं नसेल अशी. आई गेल्यापासून सकाळी चहा करताना मीही तिच्याशी बोलतो. ती काय म्हणते, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

ता. क. दुसरा. मेणबत्ती माझी मी आणीन. तुमच्या बहिणीकडच्यापेक्षा मोठी आहे.