‘हयातीपर्यंत’ हा शब्द खोडला आहे

माझा कायमचा पत्ता कोणता? मृत्युपत्राच्या पहिल्याच ओळीत तो लिहावा लागतो आणि मला तो लिहिता येत नाही. धाड गावातलं घर गेलं. मोताळ्याचं घर माझं आहे, पण येत्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं आहे आणि तेव्हापासून ज्याला त्याला हे घर तात्पुरतं वाटू लागलं आहे. सासरी मी अजून गेलेली नाही. दस्तात मोकळी जागा सोडू नये, आडवी रेघ मारावी, असं मला शिकवलेलं आहे. म्हणून ‘कायमचा पत्ता’ या शब्दांपुढे रेघ मारून पुढे लिहिते.

मी, अश्विनी किसनराव सोनुने, वय सत्तावीस, शिक्षण बी.कॉम., काम दस्तलेखकाकडे टंकलेखन, सध्या राहणार मोताळा, जिल्हा बुलडाणा, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. कोणाचा धाक नाही, कोणाचा आग्रह नाही. उलट, लिहू नकोस असाच आग्रह झाला. प्रकृती उत्तम आहे. काल रात्री दोन भाकरी खाल्ल्या.

१. माझ्या मालकीचं मोताळा येथील दोन खोल्यांचं पक्कं घर. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस गोठा, उत्तरेस बोळ, दक्षिणेस पिठाची गिरणी. आबांच्या विम्याचे पैसे आणि माझी सात वर्षांची कमाई यातून ते घेतलं. खरेदीखत नोंदणीकृत आहे. त्याआधी मागच्या तीस वर्षांच्या नोंदी शोधल्या, बोजा नसल्याची खात्री केली. विकणाऱ्याच्या दोन्ही बहिणींच्या सह्या हव्यात म्हणून अडून बसले. “बहिणी नांदाले गेल्या, त्यायचं काय काम?” असं तो म्हणाला. मी म्हटलं, नांदायला गेल्या, मेल्या नाहीत. दोघी आल्या, सह्या केल्या आणि जाताना एकीने मला विचारलं, “आमचाबी हिस्सा होता का हो याच्यात?”

मी एवढी अडून का बसले, ते माझे वडील किसनराव यांच्यामुळे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते भाजीपाला करत आणि धाडच्या बाजारात बसत. त्यांनी तिथलं घर शंभराच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर घेतलं. नोंदणी केली नाही. पुढे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदीत, म्हणजे नमुना आठमध्ये, त्यांचं नाव लागलं. त्यांना वाटलं, झालं, आपण मालक झालो. तो उतारा त्यांनी लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगला. दिवाळीला त्यालाही हळदकुंकू लागायचं.

आबा गेल्यावर वर्षभरात, ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांचा मुलगा भागवत दारात आला. आईने खिळ्यावरून तो कागद काढून त्याच्यापुढे धरला.

“हे पाय ना बाबू, आमचं नाव हाय.”

“काकू, हे कर भरल्याचं हाय. मालकीचं न्हाई.”

वकिलांनीही कागद कच्चा आहे म्हणून सांगितलं. भांडायचं तर भांडा, पण वर्षं जातील. आईने भांडायचं नाही असं ठरवलं. निघताना तिने अंगण सारवलं. का सारवलंस म्हणून मी ओरडले, तर म्हणाली, “घर खराब टाकून जाव का?”

२. वरील भागवत यांना मी काहीही देत नाही. ते त्या दिवशी खरं बोलले, याचाच मला जास्त राग आहे. त्यांच्या वडिलांनी पैसे घेतले होते हेही खरं होतं. ते सत्य त्यांनी घरी ठेवलं.

३. तो लॅमिनेट केलेला नमुना आठ माझे गुरू गुलाबराव दस्तलेखक यांना द्यावा. दुकानात गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर टांगावा आणि विचारलं तर गोष्ट सांगावी.

४. घर माझी आई शालूबाई किसनराव सोनुने हिला द्यावं.

या कलमाचा मसुदा गुलाबरावांनी केला होता. त्यांनी लिहिलं होतं, ‘सदर घरात आईस हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राहील.’

मी विचारलं, “काका, हयातीपर्यंत काऊन?”

“बाईमाणसाच्या नावानं तसंच लेहतात. चाळीस साल झाले, मी हेच लेहतो.”

“आणि माणसाच्या नावानं?”

“त्याले मालक लेहतात.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुले शिकोलं हेच चुकलं बे माह्यं. आण इकडं.”

‘हयातीपर्यंत राहण्याचा हक्क’ हे शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले आणि वर लिहिलं: ‘पूर्ण मालक’. खाडाखोडीवर माझी सही आहे. पान नव्याने टाइप करणं मला दहा मिनिटांचं काम होतं. केलं नाही. खोडलेलं दिसलं पाहिजे. घर विकायचं, भाड्याने द्यायचं, कोणाला दान करायचं की नुसतं सारवत बसायचं, हे आई ठरवेल.

५. हे आत्ताच का लिहिते? मी लग्न करून मूल होण्याआधी मेले आणि मृत्युपत्र नसलं, तर माझ्या कमाईचं घर नवऱ्याला जातं. तो नसेल तर त्याच्या वारसांना. आई त्यांच्या मागे रांगेत. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली. माझ्या लग्नाने हे मृत्युपत्र रद्द होत नाही, हेही तपासून घेतलं आहे. एकदा दारातून निघालेल्या माझ्या आईला दुसऱ्यांदा कोणी कागद विचारू नये.

६. आई माझ्याआधी गेली तर घर मामाची मुलगी प्रतीक्षा हिला पूर्ण मालक म्हणून द्यावं. अट नाही, एक विनंती आहे. बाजाराच्या दिवशी मी पुढच्या खोलीत बसून येणाऱ्या बायकांना त्यांचे कागद सहीआधी वाचून दाखवते. तिने ते चालू ठेवावं.

७. आबांचा तराजू आणि माझी बचत आईला. पदवीदानाचा फोटो काढताना घेतलेला कोट मैत्रीण योगिनीला. तो भाड्याचा होता, परत करायचा राहिला.

८. नियोजित सासरे महादेवराव यांच्याविषयी. ते गेल्या पंधरवड्यात आले ते एक तयार इसारपावती, म्हणजे विक्री ठरल्याचा कागद, घेऊनच. माझ्या घरासाठी गिऱ्हाईक त्यांनीच पाहिलेलं, विकणारी म्हणून माझं नाव त्यांनीच घातलेलं.

“सहीच तं करायची हाय पोरी. मी वाचला कागद.”

आई चहा घेऊन आली होती. ती कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली. नंतर मला दिसलं, तिने देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी एका पिशवीत भरून ठेवली होती.

त्यांचे चिरंजीव दीपक यांना मी फोन केला. ते म्हणाले, “देऊन टाक ना. पुढं आपलं एकच मोठं घर होईल.”

“कोणाच्या नावावर?”

“बाबांच्या. घरचंच तर हाय.”

दीपक वाईट नाहीत. त्यांनी तो प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता, एवढंच. लग्न करायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. घर विकायचं नाही हे माझं ठरलं आहे.

ती इसारपावती काल मी स्वतः महादेवराव यांच्या हातात नेऊन दिली. माझ्या सहीच्या मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारली आहे. तिथून घरी आले आणि आईच्या पिशवीतली भांडी काढून, घासून, परत देव्हाऱ्यात मांडली.

ठिकाण : मोताळा
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार : अश्विनी किसनराव सोनुने (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली. या मिळकतीत आम्हा दोघांचा काही हिस्सा नाही :
१. गुलाबराव, दस्तलेखक (सही)
२. योगिनी, मैत्रीण (सही, कोटाचं मान्य)