नव्या ब्लेडची पूजा

९ नोव्हेंबर १९८७
शिरपूरहून सकाळची एस.टी. गावात सुईणींचा शेवटचा वर्ग. हात धुणे, नाळेसाठी नवं ब्लेड, तेही उकळून. गंगाअक्का सर्वांत थोरली. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलेली, विळ्यानं. म्हणाली, "ताई, तुमनं लगीन व्हयनं नही, नि आम्हले बाळंतपण शिकाडी ऱ्हायनात!" सगळ्या हसल्या. मीही.

तिची सून सुमन, दिवस भरत आलेले. आधीची दोन्ही मुलं धनुर्वातानं गेली. जबडा मिटला, दूध ओढेनात. हिला स्वतःला धनुर्वाताची टोचणी एकदाच झाली आहे. दुसरीच्या दिवशी कापूस वेचायला गेलेली.

अक्काला ब्लेड दिलं.

१७ नोव्हें.
सुमनला पहाटे मुलगा. पितो आहे.

अक्का खुशीत. "तुम्ही सांगं तसंच कयं. बिलेड उकाळं, मंग पूजा कयी."
कशाची?
"बिलेडनी. नवी वस्तू, देवले दखाडाबिगर कशी वापरसू?"

हळद, कुंकू, तांदूळ. मग त्याच ब्लेडनं—

माझ्या तोंडाकडे बघत होती. शाबासकीसाठी.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आरोग्य केंद्रात जाऊन आले. डॉक्टर : बाळाला इंजेक्शन आजच, आणि इथंच ठेवा.

अक्का ऐकेना. पाचवी पुजल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. "बाहेरनं वारं लागी ते कोन जबाबदार? तुम्ही?"

बाजेवरून सुमन, हळू : "त्या दोन्ही घरमाच व्हतात."

तिचा नवरा अंगणात उभा होता. थोड्या वेळानं त्यानं गाडी जुंपली. अक्का आत निघून गेली.

१९ नोव्हें., आ. केंद्र
इंजेक्शन परवाच दिलं. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. सुमन आडवी होत नाही. बाळाला सारखं छातीशी लावून बघते.

दुपारी अक्का आली. चालत. डब्यात सुनेसाठी शिरा. बाहेर पायरीवरच बसली.
"पेस का?"
सकाळपासून पितो आहे, म्हटलं.
"जोरमा?"
आतून सुमन म्हणाली, "आत्याबाई, आत ईसन देखा ना."
अक्का उठली नाही.

आत्ता बाळ रडतं आहे. पायरीवर अक्का आणि मी, दोघीही ऐकतो आहोत. कालच्याइतकं मोठ्यानं आहे का, ठरवता येत नाही.