मी औषधं बनवत नाही

मँचेस्टर, ४ फेब्रुवारी १९६५

बाबा, तुम्हाले अन् मायले जय भीम.

मी खुशाल आहो. थंडी आता सोसते.

पण तुमचं पत्र वाचून डोकंच धरलं. मी रसायनशास्त्राचा डॉक्टर होऊन राह्यलो, दवाखान्याचा नाही! उजेड पडला की एखाद्या पदार्थाचा रंग काहून बदलते, त्याच्या इलेक्ट्रॉनचं गणित मी कागदावर करतो. शिशीले माहा हातही लागत नाही. परवा एक उणे चिन्ह चुकलेलं सापडलं अन् तीन महिन्यांची मेहनत वाया गेली.

अन् तुम्ही ढाणकीच्या बाजारात सांगून आले, पोरगा विलायतेत औषधं बनवते! वरून नऊ दुखणी लिहून पाठवली. डोमाजीकाकाचे गुडघे काय, शेजारच्या म्हशीचे खूर काय!

म्हशीच्या खाली लिहिलं, "मथुराबाई. खोकला. कधी रक्त पडते." बाबा, ही माही मायच ना? असं सांगतात काय?

माह्या औषधाची वाट पाहू नका. रागावलो, माफी असावी. पण पत्र भेटताच पहिल्या मोटारीनं तिले यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात न्या, छातीचा फोटो काढा. डॉक्टर काय म्हणाले ते बहिणीले, नलूले लिहू द्या. तुम्ही लिहू नका.

तुमचाच
बळीराम